पुरात कुठं होती?

कोल्हापुरात जुनी गाडी बघायला गेलेला माणूस आधी किलोमीटर विचारत नाही, अॅव्हरेज विचारत नाही, टायरला लाथसुद्धा मारत नाही. तो गाडीभोवती एक फेरी मारतो, मालकाच्या खांद्यावर हात ठेवतो आणि गोड आवाजात विचारतो, "पुरात कुठं होती?" सोयरीक जुळवताना कूळ विचारावं तसा हा प्रश्न. मालकाकडेही उत्तर तयार असतं. "पन्हाळ्यावर." "हायवेला लावलेली." "पुण्याला, पोराकडं." ही उत्तरं ऐकत बसलात तर तुमची खात्रीच पटेल, की मोठा पूर आला त्या आठवड्यात नदीकाठची एकूण एक गाडी पन्हाळ्यावर थंड हवा खात उभी होती, आणि पाण्याखाली जे पत्रे दिसत होते ते बहुधा परजिल्ह्यातून वाहत आले असावेत.

हा प्रश्न विचारण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. माझं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे आणि जून सरला की मला गाडीविषयक सल्ला द्यायला भरपूर वेळ असतो. शेजारी, गिऱ्हाईक, कुणीही जुनी गाडी बघायला निघालं की मी हौसेनं पुढच्या सीटवर बसतो. भुवई कधी उचलायची, प्रश्नानंतर किती वेळ गप्प राहायचं, सगळं मी घोटून ठेवलं आहे. एकदा एक मालक छातीवर हात ठेवून "पन्हाळ्याला" म्हणाला, आणि त्याच क्षणी आतून त्याच्या म्हातारीचा आवाज आला, "कुठली रं पन्हाळ्याला? म्हसरं तेवढी न्हेलतास की!" आम्ही चहा घेतला, म्हातारीच्या पाया पडलो आणि निघालो.

स्वतःची गाडी घेताना मात्र मी हा प्रश्न विचारला नाही, कारण गाडी दाजींची होती.

बहिणीचा नवरा म्हणजे दाजी, आणि आमच्याकडे दाजी हे पद असतं, तहहयात. आमचे दाजी माझ्याहून वयानं लहान आहेत. तरी त्यांना मी अहो-जाहो करतो, ते मला "काय मेव्हणं" म्हणून हाक मारतात. ते आले की पहिलं ताट त्यांचं, मटणातली नळी त्यांची, खुर्ची पंख्याखालची. यात त्यांची काही चूक नाही, सगळ्याच दाजींचं असं असतं. आमच्या दाजींना फक्त ते मनापासून आवडतं.

हे पद दुखावलं तर काय होतं ते आमच्या घरानं एकदा पाहिलं आहे. घरभरणीच्या पत्रिकेत दाजींचं नाव चुलत दाजींच्या नावाखाली छापलं गेलं. छापणाऱ्यानं अक्षरांच्या मापानं ओळी लावल्या होत्या, बस. पण दाजी रुसले, आणि दाजी रुसले म्हणजे बहिणीचं येणं बंद. ती दिवाळी बहिणीविना गेली. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. फाटक वाजलं की मान वळवायची. दूधवाला असायचा, नाहीतर पेपरवाला. पुढची दिवाळी आईला मिळाली नाही. दाजींचा रुसवा तिच्या तिरडीपाशी निघाला. खांदा द्यायला सगळ्यांत पुढं तेच होते. बहीण माझ्या गळ्यात पडून जे रडली, ते आई गेल्याचं कमी आणि येता आलं नाही याचं जास्त होतं. वडील आधीच गेलेले. त्यामुळे तिला माहेर म्हणून उरलं ते माझं एक दार. ते तिला कधीही बंद होऊ द्यायचं नाही, हे मी त्या दिवशी ठरवलं. मग त्यासाठी दाजींना रोज नळी खाऊ घालावी लागली तरी चालेल.

तर अशा बहिणीचा एक दिवस फोन आला.

"दादा, आमी गाडी काढालोय. हेनी नवी घेतल्यात. भाईर कुणाला द्यायपरीस तूच घे की. घरातली वस्तू घरात राहील."

"चालतंय की," मी म्हणालो.

"आणि पुरात कोडोलीला होती बरं का. ह्यांच्या मावशीकडं. टायरला थेंब लागला न्हाय."

बहिणीचं सासर पंचगंगेच्या अगदी काठाला आहे. मोठ्या पुरात त्यांच्या खालच्या मजल्यात फॅनपर्यंत पाणी होतं. कोडोली वर, पन्हाळ्याच्या अंगाला. तिथं गाडी नेऊन लावली असेल तर शहाणपणाच केला म्हणायचा. मी खूश झालो. फोन स्पीकरवर होता आणि बायको भेंडी चिरत होती. तिची सुरी थांबली.

"तुमी इचारलासा?"

"काय?"

"पुराचं."

"न्हाय."

"मग त्यांनी का सांगितलं?"

मी तिला म्हणालो की तुला आमच्या घरातलं कुणी बरं बोललेलं बघवत नाही. ती पुन्हा भेंडी चिरायला लागली. चिरण्याचा आवाज जरा मोठा होता.

गाडी आणायला जाताना मेस्त्री बरोबर न्यायचा प्रश्नच नव्हता. जावयाच्या गाडीला मेस्त्री दाखवायचा म्हणजे जावयानं पुढे केलेला पेढा हुंगून तोंडात टाकायचा. मी उलट फेटा, श्रीफळ आणि पेढे घेऊन गेलो. गाडी त्यांनी विकली आणि सत्कारही त्यांचाच झाला. दाजींनी फेटा बांधून घेतला आणि चावी मला अशी दिली, जणू एखादी जहागीर देतायत. पांढरी, पेट्रोलवर चालणारी, वयस्कर पण नीटनेटकी गाडी. आत अगरबत्तीचा घमघमाट. सीटकव्हर नवी, पायाखालचं मॅटिंग नवं. एवढ्या जुन्या गाडीला विकायच्या आधी नवं मॅटिंग कोण टाकतं, हा प्रश्न मी दुसऱ्याच्या गाडीला नक्की विचारला असता.

श्रावणात आम्ही दोघं पन्हाळ्याला निघालो. वाघबिळाच्या पुढं धुकं इतकं, की समोरच्या गाडीचा फक्त खोकला ऐकू येत होता. चढाला मी गाडी दुसऱ्यात टाकली आणि तिला उचकी लागली. एक, मग दुसरी, मग सलग. स्टेअरिंग थरथरायला लागलं, डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. मी म्हणालो, रस्ता खराब आहे. बायको डोळे मिटून ऐकत होती. तिचं माहेर इचलकरंजीचं, बापाचे चार यंत्रमाग. लहानपणी ती मागाच्या खडखडाटात झोपायची, आणि एखादा माग थांबला की जागी व्हायची.

"चारातला एक माग बंद हाय," ती म्हणाली.

मागून आलेला एक जीपवाला शेजारून जाताना ओरडला, "पावणं, मिसिंग मारतीया!"

मिसिंग हा आमच्याकडचा सगळ्यांना कळणारा शब्द. इंजिनात चार सिलिंडर, चौघांनी पाळीपाळीनं पेटायचं. त्यातल्या एकाची पाळी हुकली की इंजिन लंगडतं. पाळी का हुकली, याची कारणं मात्र पुष्कळ. ठिणगी आली नाही, पेट्रोल आलं नाही, आत दाब उरला नाही, नाहीतर मधली वायर रुसली. ही यादी मला उद्यमनगरातल्या मेस्त्रीनं दिली. हा मेस्त्री म्हणजे माझाच भाऊ शोभावा असा. बोनेट उघडायच्या आधी निदान सांगणारा आणि चुकल्यावरही आवाज न उतरवणारा.

"प्लग!" तो म्हणाला. "आवाजावरनं सांगतो. प्लग बदलून घ्या, गाडी इमानागत जाईल."

प्लग बदलले. ऊन पडलं होतं, गाडी विमानागत गेली. मी दाजींना फोन करून गाडीची स्तुतीही केली. मग पावसाची सर आली आणि विमान पुन्हा लंगडायला लागलं.

"पेट्रोलात पाणी!" मेस्त्री म्हणाला.

हे निदान मला फारच आवडलं. पेट्रोलात पाणी असेल तर दोष पंपवाल्याचा. मी दोन दिवस भेटेल त्याच्याजवळ पंपवाल्याला शिव्या घातल्या, अगदी रंगात येऊन. टाकी रिकामी करून धुतली, दुसऱ्या पंपावरून पेट्रोल भरलं. पुढच्या धुक्याच्या सकाळी पुन्हा तीच उचकी. मग मी स्वतःहून उंदराची शक्यता मांडली. उंदरानं वायर कुरतडली असेल. आमच्या दुकानात उंदीर आहेत, ते हिंडत हिंडत इतक्या लांब येणं अशक्य नाही. मेस्त्रीनं बॅटरीचा उजेड मारून सगळं बघितलं. उंदराची लेंडीसुद्धा सापडली नाही. एखाद्या माणसाला उंदीर सापडला नाही म्हणून इतकं वाईट वाटल्याचं मी तरी दुसरं उदाहरण ऐकलेलं नाही.

कारण एव्हाना मला कळायला लागलं होतं. गाडी फक्त ओलाव्यात रुसत होती. ऊन असलं की शहाण्यासारखी. ज्या माणसानं दुसऱ्यांच्या डझनभर गाड्या याच एका लक्षणावरून नाकारल्या, त्याला हे कळायला इतका वेळ का लागावा? वेळ लागत नव्हता. मी तो लावत होतो.

मेस्त्रीनं मग स्कॅनर लावला. तिसऱ्या नंबरच्या सिलिंडरची पाळी हुकत होती. आता त्याला चेव चढला. तिसऱ्याची ठिणगी पाडणारी कॉइल काढून दुसऱ्याला लावली, दुसऱ्याची तिसऱ्याला. कॉइल खराब असेल तर मिसिंग तिच्याबरोबर दुसऱ्यात जायला हवं. नळीनं पाण्याचा फवारा मारला, गाडी चालू केली. मिसिंग तिथंच, तिसऱ्यात. मग पेट्रोल फवारणारे इंजेक्टर अदलाबदल केले. पुन्हा तिसऱ्यातच. दाब मोजला, चारी सिलिंडर ठणठणीत. भाडेकरू बदलले तरी खोलीतलं भांडण मिटेना. म्हणजे खोलीकडे येणारी वाटच बिघडलेली.

"आता वायरिंग सोलून बघाय पायजे," मेस्त्री हात पुसत म्हणाला. मग त्यानं मान तिरकी केली, भुवई उचलली, अगदी माझ्यासारखी, आणि विचारलं, "पुरात कुठं होती?"

"कोडोलीला," मी म्हणालो. "टायरला थेंब लागला न्हाय."

माझ्या तोंडून बहिणीचंच वाक्य जसंच्या तसं निघालं. प्रश्नानंतर किती वेळ गप्प राहायचं ते मेस्त्रीलाही ठाऊक होतं.

"वायरिंग राहू दे," मी म्हणालो आणि गाडी घरी आणली.

त्यानंतर मी गाडी फक्त उन्हात काढायला लागलो. आभाळ आलं की गाडी घरात. बायको म्हणायची, "गाडी हाय का पापड?" मी ऐकून घेत होतो. वायरिंग सोललं नाही तोवर गाडी कोडोलीलाच होती. बहीण खरं बोलली होती. दाजी दाजी होते. माझ्या दारात ती महिन्यातून एकदा येत होती, येताना शेंगदाण्याची चटणी आणत होती, आईच्या फोटोसमोर दोन मिनिटं बसत होती. एका सिलिंडरसाठी हे सगळं उकलून बघायचं?

पण सोयऱ्यांच्या एका बारशाला आम्ही गेलो आणि निघताना पाऊस लागला. मांडवाच्या तोंडाशी, सगळ्यांच्या देखत, गाडी थडथडली, फटफटली आणि बंद पडली. चार जणांनी ढकलली. ढकलणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "दाजींनी बरी गळ्यात मारली की." हे वाक्य आमच्या गाडीच्या आधी दाजींच्या घरी पोचलं.

संध्याकाळी फोन आला.

"मेव्हणं, आमची गाडी खराब म्हणून गावात सांगत सुटलासा म्हणं."

"न्हाय दाजी, कुणीतरी आपलं..."

"उद्या मी येतो. तुमच्या मेस्त्रीसमोर काय ते होऊन जाऊ द्या. आणि आमची बदनामीच करायची आसंल तर तसं सांगा. आमी तुमच्या दारात पाय ठेवणार न्हाय. आमी म्हंजे दोघंबी."

दुसऱ्या दिवशी ते थेट मेस्त्रीच्या गॅरेजवर आले. बुलेटवर, मागं बहीण. तिला का आणलं ते मला लगेच कळलं. ओलीस धरलेला माणूस दाखवायचा झाला तर तो बरोबरच आणावा लागतो. ती उतरली, पदर नीट केला आणि माझ्याकडे न बघता गाडीच्या बोनेटकडे बघत उभी राहिली. दाजी गॉगल काढून मेस्त्रीला म्हणाले, "सोला काय सोलायचं ते."

मेस्त्रीला प्रेक्षक मिळाले होते. त्यानं वायरींच्या जुडग्यावरची काळी टेप ब्लेडनं उभी चिरली आणि पट्टी पट्टी ओढून काढली, कांदा सोलावा तशी. आतल्या एका जोडाचं टोपण उचकटलं. तांब्याच्या पिना हिरव्यागार झाल्या होत्या. त्यानं जोड तळहातावर आपटला. वाळलेला, पिठासारखा बारीक, राखाडी गाळ त्याच्या हातावर सांडला.

या गाळाची कोल्हापुरात कुणाला ओळख करून द्यावी लागत नाही. पूर ओसरल्यावर तो आम्ही देवघरातून काढलाय, लग्नाच्या अल्बममधून काढलाय, शिलाई मशीनच्या बॉबिनमधून काढलाय.

मेस्त्रीनं तो हात सगळ्यांना दिसेल असा पुढं धरला आणि दाजींकडे बघत अख्ख्या उद्यमनगराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पावणं, ही गाडी पुरात कुठं होती?"

"कोडोलीला," बहीण म्हणाली. कुणी तिला विचारलं नव्हतं.

"कोडोलीला पूर कवा आला, ताई?"

शेजारच्या लेथवरचा माणूस हसला. दाजींचे कान लाल झाले. त्यांनी गॉगल डोळ्यांवर चढवला, खिशातून बुलेटची चावी काढली आणि बहिणीला फक्त म्हणाले, "चल."

ती निघाली. भांडली नाही, थांबली नाही, खांद्यावरची पिशवी सावरली आणि निघाली. असं निघायची तिला सवय होती. त्या चालीत मला ती बहिणीविना गेलेली दिवाळी सगळीच्या सगळी दिसली.

"मी घातली पाण्यात!" मी ओरडलो.

सगळे थांबले.

"मीच घातली. सांगाय लाज वाटत हुती." आणि मग, काय सांगू, मला सूर सापडला. नाल्याच्या पुलाजवळ पाणी भरलेलं, लोक नको नको म्हणतायत, आणि मी म्हणतोय, अरे सरका, दाजींची गाडी हाय, होडीगत जाती. मी स्टेअरिंग फिरवून दाखवलं. पाणी दारातून आत कसं आलं ते दाखवलं. पाय वर घेऊन सीटवर मांडी घालून बसलो ते दाखवलं. गाडी बंद पडल्यावर खिडकीतून बाहेर कसा पडलो, ते दाखवताना मी खरंच मेस्त्रीच्या स्टुलावर चढलो. लेथवाला मशीन बंद करून बघायला आला.

मेस्त्री तेवढा हट्टाला पेटला. "आवो, डबक्यातनं गाडी घातली म्हणून जोडात एवढा गाळ वाळतोय व्हय? ह्यो आठ-आठ दिवस पाण्यात बसल्याबिगार..."

"चारदा घातली," मी म्हणालो. "दर पावसाला."

"तुमी गाडी चालवतासा का म्हसरं धुतासा?"

यावर सगळ्यांत मोठ्यानं दाजी हसले. त्यांचा रंग परत आला. ते माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला. "मेव्हणं, आधी सांगायचं की. एवढी चांगली वस्तू दिली, सांभाळता आली न्हाय. आसू दे. माणूसच चुकतंय." त्यांनी मला माफ केलं. मेस्त्रीसमोर, लेथवाल्यासमोर, अगदी मोठ्या मनानं.

मी बहिणीकडे बघितलं. मला वाटलं होतं, ती मला एक नजर देईल. तेवढीच माझी मजुरी. तिनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "काय रे दादा. लेकरागत जपली हुती गाडी आमी."

चटणीचा डबा तिनं गाडीच्या टपावर ठेवला. दोघं बुलेटवरून गेले. मेस्त्रीनं हिरवे पडलेले जोड कापून टाकले, नवे लावले, गाडीवर अर्धा तास पाणी मारलं. एकदाही उचकी लागली नाही. चारी माग चालू. पैसे देताना तो म्हणाला, "तुमची बहीण व्हय?" मी हो म्हणालो. त्या दिवसापासून तो मला पावणं म्हणत नाही, दादा म्हणतो. मला ते आवडत नाही.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती हसेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "त्यांना ठावं हुतं. दोघांस्नीबी."

"दाजींना आसंल. तिला त्यांनी जे सांगितलं ते तिनं मला सांगितलं."

"बरं," बायको म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्यावर केलेली ही सगळ्यांत मोठी दया.

या गोष्टीला मी चिकटून राहिलो. बहिणीला ठाऊक नव्हतं. पुरात बायका-पोरांना आधी बाहेर काढतात. पुरुष मागं राहतात. तिला आधीच नेलं असणार. गाडी कोडोलीला आहे असं तिला सांगितलं असणार. दाजी काय, कुणालाही काहीही सांगतील. मी दाजींविषयी मनात जे जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही, पण त्यानं मला बरं वाटत होतं. एक माणूस खोटा ठरवला की दुसरं माणूस जपून ठेवता येतं.

आणि माझी गोष्ट मात्र गाजली. नाल्यातल्या गाडीची. बारशात, साखरपुड्यात, दुकानात, कुणीही म्हणायचं, ते नाल्याचं सांगा की. मी सांगायचो. दर वेळी पाणी थोडं वाढायचं. एका वेळी मी त्यात एक पोहणारी म्हैस घातली, ती लोकांना फार आवडली. खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यातली ही सर्वांत उत्तम गोष्ट आहे, आणि ती घडलेली नाही.

या भाऊबीजेला सगळे आमच्याकडे होते. चुलतभाऊ, त्यांच्या बायका, दाजी पंख्याखालच्या खुर्चीत, बहीण खाली सतरंजीवर माझ्याजवळ. ओवाळून झालं होतं. फराळाची ताटं फिरत होती. धाकट्या चुलतभावाच्या नव्या बायकोनं ती गोष्ट ऐकली नव्हती, म्हणून सगळ्यांनी आग्रह केला. मी उठलो. पदर खोचल्यासारखा लेंगा वर केला आणि सुरुवात केली. पूल, लोकांचं नको नको, माझी फुशारकी, पाणी.

"पाणी आलं आत," मी म्हणालो, "आणि बघता बघता सीटच्या गादीपर्यंत!"

बहीण हसून हसून लाल झाली होती. डोळ्यांतून पाणी येत होतं. तोंडाला पदर लावून ती म्हणाली, "गादीपर्यंत कुठलं रे! ष्टेरिंगाच्या वर हुतं. आणि मागच्या काचंला आतनं मासा आलता, त्यो काच चाटालता. मी गॅलरीतनं—"

ती थांबली.

कुणाच्या काहीच लक्षात आलं नाही. सगळे हसतच होते. गोष्टीत मासा आला, म्हशीपेक्षा भारी. नवी वहिनी टाळ्या वाजवत होती. दाजींनी ताटातल्या चकलीचा एक तुकडा मोडला आणि तो तोंडात न टाकता तसाच धरून बसले. बायको फराळाचं ताट घेऊन दारात उभी होती. ती वळून आत गेली.

"व्हय की," मी म्हणालो. "मासा! मी इसरलोच. मासा हुता."

"केवढा?" चुलतभावानं विचारलं.

मी दोन्ही हात जमेल तेवढे लांब पसरले. पुन्हा हशा झाला.

बहिणीनं खाली बसल्याबसल्या हात वर करून माझं मनगट धरलं. मला खाली ओढलं, मी बसलो. तिनं माझे दोन्ही हात एकमेकांजवळ आणले, आणखी जवळ, चार बोटांचं अंतर राहीपर्यंत.

"एवढा न्हवता," ती म्हणाली. "एवढुसा हुता."